उलटी धावणारी एसटी: कला महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीचं पहिलं चित्रपुस्तक

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या, पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या एका विद्यार्थिनीला जूनच्या मध्यावर पहिलं पुस्तक मिळतं. गोष्ट साधी आहे: नात आजीबरोबर एसटीनं आठवडी बाजाराला जाते, पावसात अडकते, संध्याकाळी घरी येते. मजकूर जेमतेम साडेतीनशे शब्द. पुस्तक 24 पानी, चौरस, साडेआठ इंच बाय साडेआठ, सेंटर पिन बांधणीचं. फायली द्यायच्या ऑगस्टअखेर, म्हणजे हातात अकरा आठवडे. कॉलेज दहा ते चार, आणि मधे एक सबमिशन.

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. पहिल्या पुस्तकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचं जे पुन्हा पुन्हा अडतं, ते इथे एका कामात गुंफलं आहे. चित्रकला कच्ची म्हणून यातलं फारसं काही अडत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. हात तयार असतो. अडतं ते चित्राच्या आधी आणि चित्राच्या नंतर.

आकाराचं गणित

24 पानांत पहिलं पान शीर्षकाचं, शेवटचं श्रेयनामावलीचं. उरलेल्या 22 पानांची 11 जोडपानं होतात: 2–3 पासून 22–23 पर्यंत. एका पानाचा तयार आकार 216 बाय 216 मिमी, म्हणजे जोडपान 432 बाय 216. कटिंगसाठी चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापला जाणारा जादा भाग, धरलं की 438 बाय 222.

बहुतेक विद्यार्थी इथेच आहे त्या मापात चित्र काढायला बसतात आणि फसतात. ए4 स्कॅनरची काच 216 बाय 297 मिमी असते, ए3 ची साधारण 297 बाय 420. 438 मिमीचं जोडपान दोन्हींत मावत नाही. ए4 वर तर एक सुटं पानसुद्धा ब्लीडसकट 6 मिमीनं बाहेर जातं. मग तुकड्यातुकड्यांनी स्कॅन, जोडकाम, आणि आकाशाच्या वॉशमधून (जलरंगाच्या पातळ थरातून) जाणारी एक बारीक उभी रेघ, जी पडद्यावर दिसत नाही पण प्रूफवर, म्हणजे छपाईच्या नमुन्यावर, हमखास दिसते.

या कामात चित्रं 80 टक्के मापात काढायचं ठरलं: 350 बाय 178 मिमी. याचे दोन फायदे. चित्र ए3 स्कॅनरवर एका झटक्यात बसतं. शिवाय इम्पीरियल कागदाच्या (22 बाय 30 इंच) चौथाईत, म्हणजे 381 बाय 279 मिमीमध्ये, एक जोडपान मावतं. 11 जोडपानं, मुखपृष्ठ, दोन सुटी चित्रं आणि चार जादा तुकडे धरून 18 चौथाया लागतात, म्हणजे पाच शीट. पूर्ण मापात काढलं असतं तर अर्ध्या शीटचा तुकडा घ्यावा लागला असता आणि कागदाचा खर्च जवळपास दुप्पट झाला असता.

तोटाही आहे. छपाईत चित्र 25 टक्के मोठं होणार, म्हणजे 0.3 ची पेनरेघ 0.375 होणार आणि हाताची थरथरही तेवढीच वाढणार. म्हणून पेन एक नंबर बारीक घ्यायचं: चेहऱ्यांना 0.1, कपड्यांना आणि वस्तूंना 0.2. मोठं काढून लहान छापलं की चूक झाकली जाते, हे खरंच आहे. पण ती चैन ज्याच्याकडे मोठा स्कॅनर आहे त्याची.

थंबनेलला एक संध्याकाळ पुरत नाही

विद्यार्थिनीनं पहिल्या संध्याकाळी अकराही थंबनेल, म्हणजे जोडपानांची छोटी कच्ची चित्रं, काढली आणि दुसऱ्या दिवशी कागद ताणायला घेतला. थंबनेल शेजारी शेजारी लावल्यावर दोष लगेच दिसतो: अकराही चित्रांत माणसं डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण, अंतर तेच, क्षितिजरेषा तीच. हे शाळेतून येतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटचं स्मरणचित्र हाताला अशीच सवय लावतं की दिलेल्या चौकटीत प्रसंग पूर्ण दिसला पाहिजे, माणसं कापली जाता कामा नयेत. परीक्षेला ते ठीक. पुस्तकात पान उलटल्यावर तेच अंतर पुन्हा आलं, की मूल तिसऱ्या पानाला खाली उतरतं.

दुरुस्ती अशी केली. एका ए3 कागदावर 5 बाय 2.5 सेंमीच्या 11 चौकटी आखल्या आणि प्रत्येकीखाली आधी नुसतं अंतर लिहिलं: लांबून, मधून, जवळून, वरून, आतून. सलग दोन चौकटींखाली एकच शब्द चालणार नाही, एवढाच नियम. बाजाराचं 12–13 वरून, गच्चीवरून पाहिल्यासारखं. लगेच 14–15 वर फक्त तागडी, दोन हात आणि मिरच्यांचा ढीग. मग डमी, म्हणजे पुस्तकाची नमुना प्रत. सहा कागद मधे घडी घालून एकात एक बसवले, मधे दोन पिना मारल्या की 24 पानं होतात. डमीत मजकूरही कापून चिकटवायचा, अंदाजानं नाही, खऱ्या मापात छापून.

डमीनं दोन गोष्टी उघड्या पाडल्या. 16–17 वर नातीचा चेहरा बरोबर मधल्या घडीत येत होता. सेंटर पिन पुस्तक बऱ्यापैकी सपाट उघडतं, तरी घडीच्या दोन्ही बाजूंना 8 ते 10 मिमीमध्ये डोळे, बोटं, अक्षरं ठेवायची नाहीत. दुसरं म्हणजे 20–21 वर मजकुराला जागाच नव्हती, कारण आकाश भरून ढग काढले होते. देवनागरीला इंग्रजीपेक्षा ओळींत जास्त मोकळीक लागते. वर वेलांट्या, रफार, मात्रा आणि खाली उकार. लहान मुलांसाठी 20 पॉइंटचं अक्षर असेल तर ओळीचं अंतर 30 पॉइंटच्या आसपास धरावं. सहा ओळींना उंचीत साधारण 65 मिमी जातात, म्हणजे पानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तो आधीच मोकळा सोडायचा असतो, नंतर सापडत नाही.

उलटी बस

6–7 वर एसटी येते आणि आजी-नात चढतात. विद्यार्थिनीनं स्टँडवर उभं राहून स्केचेस केली होती, बस नीट पाहिली होती, आणि रफमध्ये ती डावीकडे तोंड करून बरोबर काढली होती. पण पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचलं जातं, प्रवास पुढे जाणारा आहे, तर बसही उजवीकडे जायला हवी, असं वाटून तिनं स्कॅन केलेला रफ सॉफ्टवेअरमध्ये आडवा फ्लिप केला. पाटीवरची अक्षरं उलटी झाली, ती पुन्हा सरळ लिहिली. म्हणजे जी एक खूण चूक पकडून देत होती, तीच पुसली गेली.

संपादक बाईंनी रफ पाहून विचारलं, "अगं, दार कुठल्या बाजूला असतं एसटीला?"

दार डाव्या अंगाला असतं, कारण गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात. बसचं तोंड पानाच्या उजवीकडे असेल तर वाचकाला बसची उजवी बाजू दिसते, ड्रायव्हरची. तिथून प्रवासी चढत नाहीत. दार दिसायला हवं असेल तर बसचं तोंड डावीकडे हवं. थोडक्यात, वाचनाची दिशा आणि बसमध्ये चढण्याची बाजू यांचा भारतात उभा दावा आहे, आणि एसटी काढणाऱ्या प्रत्येकाला तो कुठेतरी मिटवावा लागतो. फ्लिपनं आणखी एक घोळ केला होता: आजीचा पदर उजव्या खांद्यावर गेला होता. बस एखाद्याच्या नजरेतून सुटेल, पदर कुणाच्याही सुटणार नाही.

पर्याय तीन होते. बस डावीकडे तोंड करूनच ठेवायची आणि पुढच्या पानापासून उजवीकडे वळवायची. पण मग बस परत फिरली असं वाटतं. दुसरा, बस समोरून तिरकी, वाचकाकडे येताना काढायची. तेव्हा तिची डावी बाजू चित्रात उजवीकडे पडते, दार दिसतं आणि दिशेचा प्रश्न बराचसा बोथट होतो. मात्र समोरचा भाग पर्स्पेक्टिव्हमध्ये चुकला की बस खेळण्यातली दिसते. तिसरा, कॅमेरा बसच्या आत न्यायचा. दारातून खाली पाहिलेलं दृश्य: वर केलेला आजीचा हात, पायरीचा पत्रा, उंच पायरीवर चढायला धडपडणारी नात.

तिसरा घेतला, आणि तो नुसती अडचण टाळणारा नाही, त्या गोष्टीला सगळ्यांत जवळचा आहे. पाच वर्षांच्या मुलीच्या लेखी एसटी म्हणजे आधी ती उंच पायरीच. 10–11 वर बस उजवीकडे धावते, शेतांमधून, तिथे दार दिसायची गरज नाही. परतीच्या 20–21 वर ती डावीकडे तोंड करून उभी आहे, दार आपल्याकडे आहे आणि दोघी उतरतात. घरी परतणं म्हणून डावी दिशा आपोआप बरोबर बसते.

संदर्भाच्या बाकी चुका किरकोळ, पण नेहमीच्या. इंटरनेटवरच्या जुन्या फोटोवरून कंडक्टरच्या हातात तिकिटांची पत्र्याची पेटी आली होती. गोष्ट आजची आहे, म्हणून मशीन हवं. बाजाराची स्केचेस मंडईत केली होती, आणि मंडईत ओटे आणि गाळे आहेत. आठवडी बाजार जमिनीवर बसतो, पोत्यांवर, वर बांबूला बांधलेली ताडपत्री. त्यासाठी तालुक्याच्या गावी जाऊन एक सकाळ घालवावीच लागली.

जुलैमधला कागद

कागद 300 जीएसएमचा (जाडजूड), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत). पूर्ण कॉटनचा महाग पडतो म्हणून 25 टक्के कॉटनचा घेतला, आणि या कामासाठी तो पुरेसा आहे. मात्र पावसाळ्यात कागद आणून कॉटखाली ठेवला की त्याचं सायझिंग, म्हणजे पाणी पृष्ठभागावर थोपवून धरणारं खळीचं आवरण, जागोजागी निकामी होतं. वॉश मारल्यावर तिथे टीपकागदासारखे गडद ठिपके उठतात. हे कोरड्या कागदावर दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडेला आधी ओला ब्रश फिरवून पाहायचा. पाणी लगेच आत शिरलं तर तो तुकडा चाचणीला ठेवायचा, अंतिम चित्राला नाही. उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीपासून दूर. रंगांच्या डबीचंही तसंच: वड्यांत डिंक असतो, ओली डबी बंद केली की आठवड्यात बुरशी.

ओल्या रंगानं कागद फुगू नये म्हणून तो आधी ताणून घेतात. रीत: तुकडा स्वच्छ पाण्यात 5 ते 8 मिनिटं बुडवायचा, 12 मिमी प्लायवर सपाट पसरायचा, 50 मिमी रुंदीची गमटेप ओली करून चारी बाजूंना 12 मिमी कागदावर आणि बाकी प्लायवर येईल अशी लावायची. 381 मधून दोन बाजूंचे 24 गेले की 357 उरतात. 350 चं चित्र जेमतेम बसतं, म्हणून टेप सरळच लागली पाहिजे. मग आडवं ठेवून वाळू द्यायचं. घाईनं हेअर ड्रायर मारला तर एक कोपरा आधी आखडतो आणि टेप सुटते. जुलैत याला पूर्ण दिवस जातो.

एकच प्लाय असेल तर सगळं काम याच एका जागी तुंबतं: एक दिवस वाळायला, दोन रंगवायला, एक जोडपान तीन-चार दिवसांचं. अकरा जोडपानांचे चाळीस दिवस होतात. 18 बाय 14 इंचाचे चार तुकडे सुताराकडून कापून आणल्यावर हेच काम चार आठवड्यांत बसलं. अंतिम चित्रांचा वेग हातावर कमी आणि फळ्यांच्या संख्येवर जास्त ठरतो, हे वेळापत्रक करताना कुणाच्याही लक्षात येत नाही.

रेखाटन उतरवायला 2बी पेन्सिल घासलेला ट्रेसिंग पेपर वापरायचा आणि वरून एच पेन्सिलनं हलक्या हातानं गिरवायचं. स्टेशनरीच्या दुकानातला निळा-काळा कार्बन घेऊ नये. त्यात मेण असतं, त्या रेघेवर पाणी धरत नाही आणि ती खोडलीही जात नाही. वॉटरप्रूफ पेनची शाई एरवी काही मिनिटांत पक्की होते, पण दमट हवेत, सायझिंग भरपूर असलेल्या कागदावर ती जास्त वेळ ओली राहते. 4–5 वर आजीच्या नाकाजवळ शाई राखाडी पसरली ती अशीच. रात्री शाई, सकाळी रंग, असा क्रम ठेवला की हा प्रश्न येत नाही.

हाच क्रम उजेडासाठीही बरा. खोलीतल्या ट्यूबच्या थंड पांढऱ्या उजेडात मिसळलेला राखाडी सकाळी भलताच निघतो. कॉलेज दहाला, म्हणून रंगकाम साडेसहा ते नऊ आणि शनिवार-रविवार. रात्री ट्रेसिंग, शाई, कागद ताणणं. वॉश सुकायला पाऊणएक तास लागतो, म्हणून दोन फळ्या आळीपाळीनं घ्यायच्या. अर्धवट सुकलेल्या वॉशवर दुसरा हात दिला की कडेनं फुलोरा उठतो, आणि तो पुसायला गेलं की कागद सोलतो. मास्किंग फ्लुइडही (पांढरी ठेवायची जागा झाकणारं रबरासारखं द्रव्य) दमट कागदावर दोन-तीन दिवस ठेवू नये. निघताना तंतू घेऊन निघतं.

स्कॅन

चार जोडपानं पूर्ण झाल्यावर पहिला स्कॅन झाला, झेरॉक्सच्या दुकानात, मल्टिफंक्शन मशीनवर, जेपीजीमध्ये. पावसाचं आकाश निम्मं गायब. कारण मशीनची ऑटो सेटिंग: कागदाचा पांढरा स्कॅनमध्ये साधारण 240 वर वाचला जातो, फिक्कट वॉश 225 वर. मशीन पार्श्वभूमी स्वच्छ करायला म्हणून 225 पासून वरचं सगळं 255 करून टाकतं. कागदपत्राला हे उत्तम, जलरंगाला मारक. ऑटो करेक्शन, शार्पनिंग, बॅकग्राउंड रिमूव्हल सगळं बंद, फाइल टिफ, 48 बिट कलर, 600 डीपीआय (इंचामागे ठिपके), असं स्पष्ट सांगावं लागतं. 600 वर घेतलेलं 25 टक्के मोठं केलं की 480 उरतात, छपाईच्या 300 पेक्षा भरपूर. 8 जीबीचा लॅपटॉप अडखळत असेल तर 400 वरही भागतं, 320 मिळतात.

दुसरी अडचण कागदाच्या पोकाची. बारीक सपाट स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो आणि काचेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर उचललेला भागही तो धूसर घेतो. ताणलेला कागद कापून काढल्यावर सपाट राहतो, म्हणून ताणण्याची मेहनत इथे दुसऱ्यांदा कामी येते. न ताणता, नुसती मास्किंग टेप लावून केलेलं एक जोडपान मधोमध पट्ट्यात धूसर आलं. ते उलटीकडून किंचित ओलं करून, टीपकागदात घालून, वजनाखाली दोन दिवस ठेवल्यावर सुधारलं.

छापील रंग

आजीचं लुगडं राणी रंगाचं. विद्यार्थिनीनं त्यासाठी फ्लुरोसंट गुलाबी वापरला, जो कागदावर अक्षरशः पेटतो. स्कॅनर तो रंग पकडत नाही, चार शाईंच्या (सायन, मजेंटा, पिवळी, काळी) छपाईत तो बसत नाही, आणि मूळ चित्र उजेडात राहिलं की तो उडूनही जातो. तिन्ही कारणांनी तो बाद. क्विनाक्रिडोन वर्गातला परमनंट रोज घेतला, काठ हिरवा केला. शेजारच्या हिरव्यामुळे गुलाबी आपोआप उठतो. तीन जोडपानं मात्र पुन्हा काढावी लागली. एका छोट्या पट्टीवर सगळे रंग लावून, स्कॅन करून, त्याच प्रेसकडून एक प्रूफ जुलैच्या पहिल्या आठवड्यात घेतलं असतं तर वाचली असती. प्रेसवाले "होतं सगळं" म्हणतात. होतं ते त्यांच्या मशीनवर जे होतं ते.

एसटीच्या लालाची चिंता नसते, मजेंटा आणि पिवळा भरपूर दिले की तो येतो. अल्ट्रामरीनची संध्याकाळ जांभळट जाते आणि पावसाळी पोपटी मळतो. हे आधीच माहीत असेल तर चित्रात त्या रंगांच्या शेजारी राखाडी ठेवता येतो.

मजकूर चित्रात रंगवायचा नाही, बसच्या पाटीसह. अक्षरं वेगळ्या थरात, फक्त काळ्या शाईत. चार शाईंचा काळा केला तर रजिस्ट्रेशन, म्हणजे शायांचं एकमेकींवर नेमकं बसणं, केसभर हललं तरी मात्रांना रंगीत कडा येतात. शिवाय पुढे हिंदी किंवा कानडी आवृत्ती निघाली तर एकच प्लेट बदलते.

हक्काचं कागदावर

मानधन ठरलं, पण हक्काबद्दल कुणीच बोललं नव्हतं. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. कलम 19 नुसार हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनं व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. विद्यार्थिनीनं काम सुरू होण्याआधी द्यायला हवं होतं ते पत्र जुलैत दिलं: प्रताधिकार चित्रकर्तीकडे, प्रकाशकाला मराठी छापील आवृत्तीचा परवाना, इतर भाषांसाठी वेगळं मानधन, मूळ चित्रं परत. प्रकाशकानं एक ओळ बदलून सही केली. बहुतेक लहान प्रकाशक करतात. त्यांच्यापुढे कुणी कागद ठेवलेला नसतो एवढंच.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात 11 जोडपानं, मुखपृष्ठ आणि दोन सुटी चित्रं टिफमध्ये गेली, प्रत्येक जोडपान 300 डीपीआयला साधारण 54 एमबी. प्रूफवर 10–11 चं शेत मळकट दिसलं. हिरव्यात मजेंटा 12 टक्के शिरला होता, तो 4 वर आणला, पिवळा तसाच ठेवला, आणि दुसरं प्रूफ न मागता पान छपाईला सोडलं.